भरल्या ताटाचा नवस

ज्या सर्जनांनी माझं पोट लहान केलं, ते अजूनही अधूनमधून एखाद्या बाईला माझ्याकडे देवळीला पाठवतात. "आधी त्या शिक्षिकाबाईंना भेटून या, मग ठरवा," असं सांगतात. बाई दारात थबकते, खुर्चीकडे संशयाने बघते आणि खुर्ची सोडून पलंगावर टेकते. मला ते सगळं ओळखीचं आहे. खुर्च्यांशी माझंही वर्षानुवर्षं वैर होतं.

मग ती विचारायला लागते. फार दुखतं का? केस गळतात का? लोंबलेली कातडी पुन्हा आवळते का? मी खरं तेच सांगते. दुखतं, गळतात आणि नाही, आवळत नाही. शेवटी आवाज खाली आणून ती विचारते, "मंग बाई, भूक लागतच नाई का?" लागते, पण दोन घासांत लाजून निघून जाते, असं मी म्हणते. बाई हसते आणि मी चहा टाकते.

एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगत नाही. चहा पिता पिता सांगण्यासारखी ती नाही, आणि ऐकणारीचा धीर सुटेल अशी भीती वाटते. पण ज्यांच्या घरी असं ऑपरेशन व्हायचं आहे, त्यांना ती कळायला हवी. ती गोष्ट माझ्या आईची आहे.

कापसाचा काटा

मी लहानपणापासून जाड. आईला त्याचं कौतुकच होतं. "खात्यापित्या घरची दिसते पोट्टी," असं ती आंजीला, आमच्या गावी, आळीत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. सत्तरच्या दशकात मला देवळीच्या शाळेत नोकरी लागली. वडील तोवर गेले होते. लग्नाशिवायची लेक परगावी एकटी कशी राहणार, म्हणून आई माझ्याबरोबर देवळीला आली. आंजीला भाऊ आणि वहिनी शेती बघत राहिले.

मला बघायला पाहुणे येत. बघून जात, आणि निरोप यायचा तो ठरलेलाच. पोहे मात्र सगळे संपवून जायचे. आई म्हणायची, "त्याहीचं नशीब फुटकं." मी म्हणायचे, "हो, आणि पोह्यांचं चांगलं."

तिशीला आले तेव्हा थट्टा जमेनाशी झाली. प्रार्थनेला उभी राहिले की गुडघे थरथरायचे. फळ्यावर एक ओळ लिहिली की धाप लागायची. रक्तात साखर निघाली. वर्ध्याच्या डॉक्टरांनी नागपूरच्या एका सर्जनांचं नाव सुचवलं. ते परदेशातून नवं काहीतरी शिकून आले होते. पण त्यांना कळवायला नेमकं वजन हवं होतं, आणि दवाखान्यातल्या काट्याची सुई शेवटपर्यंत जाऊन तिथेच अडकली.

भाऊ म्हणाला, "चाल."

तो मला कापसाच्या जिनिंगवर घेऊन गेला. हंगाम होता. कापसाच्या गाड्या रांगेत उभ्या होत्या, बैल रवंथ करत होते. तिथल्या मापाऱ्याशी भाऊची ओळख होती. भाऊ त्याच्या कानात काहीतरी बोलला. एक बोरी काट्यावरून उतरली आणि मी चढले. तळव्यांखाली लोखंड तापलेलं होतं, साडीला कापूस चिकटला. मापाऱ्याची जन्माची सवय अशी, की काट्यावर जे चढेल त्याचं वजन मोठ्याने पुकारायचं. त्याने पुकारलं, "एक क्विंटल अठ्ठावीस!"

मग त्याच्या लक्षात आलं. मान खाली घालून तो म्हणाला, "ताई, माफ करजा. तोंडातून निघून गेलं."

गाडीवाल्यांतलं कुणीही हसलं नाही. सगळे एकदम बैलांच्या दोऱ्या सारख्या करायला लागले. ते हसले असते तर मला बरं वाटलं असतं. ऑपरेशन करायचं हे मी त्या लोखंडी पाटावर उभी असतानाच ठरवलं.

नागपूरला जाऊन सर्जनांना भेटून आल्यावर आईला समजावून सांगायचं काम भाऊने केलं.

"पोट कापून लहान करनार?" आई म्हणाली. "मंग हे खानार कशी?"

"सुरुवातीले पातळ, थोडं थोडं. मंग घट्ट," भाऊ म्हणाला. सर्जनांनी जे सांगितलं, तेच शब्दाला शब्द सांगितलं त्याने.

आईने 'सुरुवातीले' तेवढं धरलं. बाळंतिणीला पथ्य असतं, टायफॉइड झालेल्याला पथ्य असतं. सुरुवातीला पेज, मग मऊ भात, मग एक दिवस भाकरी, आणि भाकरी आली की माणूस बरं झालं. तिने आयुष्यभर आजारपण असंच पाहिलं होतं. हे पथ्य कधीच सुटणार नाही, असं तिला आमच्यापैकी कुणी म्हटलं नाही. सांगायची गरज आहे हे आमच्या डोक्यातच आलं नाही.

नागपूर

वॉर्डात माझ्या शेजारी पित्ताच्या खड्याची बाई होती, पलीकडे अपेंडिक्सची मुलगी. तुम्हाला काय झालंय, असं त्यांचे नातेवाईक मला विचारत. आईच उत्तर द्यायची, "पोटात बिघाड हाय." जाड असण्यासाठी कुणी दवाखान्यात येतं, हे तिला सांगवत नव्हतं.

ऑपरेशन झालं. दोन-चार दिवस बरे गेले आणि मग ताप चढला. पोट दगडासारखं झालं. आत जिथे शिवलं होतं तिथून गळत होतं, हे मला नंतर कळलं. मला पुन्हा आत नेलं. स्ट्रेचरवरून जाताना छतावरचे पंखे एकामागून एक मागे पडत होते आणि मला इतकंच वाटत होतं, की आईने सकाळपासून चहासुद्धा घेतलेला नाही.

बाकीचं भाऊने सांगितलेलं. सर्जन बाहेर आले आणि मन घट्ट करा म्हणाले. भाऊ भिंतीला टेकून खाली बसला. आई जिन्याखालच्या कोपऱ्यात उभी होती. तिने विचारलं, "भाऊ, आपली आंजी कोन्या दिशेले?"

भाऊने अंदाजाने हात केला. आई त्या दिशेला वळली, पदर पसरला आणि बराच वेळ ओठ हलवत राहिली. गावच्या देवीला हात जोडत असेल, असं भाऊला वाटलं. ते खरंच होतं. त्यापलीकडे त्याने विचारलं नाही.

मी वाचले. पहिला घोट एका केरळी सिस्टरने पाजला, औषधाच्या इवल्याशा प्यालीतून. तिचं हिंदी मोडकं आणि माझी ताकद संपलेली, त्यामुळे आमचं चांगलं जमलं. "एक घूंट," ती म्हणायची. "प्याली नीचे. अब रुको." मी थांबायचे. पोट काय म्हणतंय त्याची वाट बघायची, मग पुढचा घोट. एक प्याली संपेपर्यंत शेजारची बाई एक झोप काढून उठायची.

तुमच्यापैकी कुणी या रस्त्याने जाणार असेल, तर एवढं लक्षात ठेवा. घाई करणारा घास परत येतो.

रोजचं ताट

देवळीला परत आलो. पेज झाली, मऊ भात झाला, आणि ज्या दिवशी सर्जनांनी भाकरीची परवानगी दिली, त्या दिवशी आईने मला भरलं ताट वाढलं. दोन भाकरी, वरण, भाताची मूद, वांग्याची भाजी, कडेला चटणी. मी चतकोर भाकरी खाल्ली आणि ताट सारलं.

"बस?" आई म्हणाली.

"बस."

तिने ताट उचललं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. रोज संध्याकाळी भरलं ताट, आणि माझ्यासमोर भिंतीला टेकून बसलेली आई. ती माझ्या तोंडाकडे बघायची नाही, ताटाकडे बघायची.

मी चिडायचे. "काऊन वाढतेस एवढं? मी खाऊ शकत नाही, माहीत नाही का तुला?"

"तू खाय जितकं जाते तितकं. मी काई म्हणून राह्यली काय?"

एकदा मी ताट ढकललं, वरण सांडलं. आईने फडकं आणून जमीन पुसली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच वाढलं. मला वाटायचं, हिला माझं बारीक होणं बघवत नाही. हिला तिची जुनी लेक हवी आहे. माझं उष्टं ती नंतर खाते, असं मी धरूनच चालले होते. जेवण झालं की मी पुढच्या खोलीत वह्या तपासायला बसायचे. शेजारच्या गाईला आमच्या घरून रोज दोन भाकऱ्या मिळत होत्या, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

चांगलंही होत होतं, ते लपवत नाही. एसटीत मी एका सीटवर मावले. बरीच वर्षं न जमलेली मांडी घालता आली. एका सकाळी न्हाणीत खाली बघितलं तर माझीच पायाची बोटं दिसली, आणि मी वेड्यासारखी हसत सुटले. आईला हाक मारून दाखवली. तीही हसली. हसताना तिच्या हातातल्या पाटल्या मनगटावरून घसरून थेट कोपरापर्यंत गेल्या.

लोक म्हणायला लागले, "मायलेकी दोघीही वाळून राह्यल्या." कुणी म्हणालं, खोकला आहे का बघा, छातीचं निघेल. मी ते हसण्यावारी नेलं. घरात भगर, रताळी, साबुदाणा, शेंगदाणे फार दिसायचे, पण आई पहिल्यापासून उपासांची भोक्ती. कोणता उपास कोणत्या देवाचा हे विचारायचं मी कधीच सोडून दिलं होतं.

पोळ्याच्या दिवशी

ऑपरेशनला दोन वर्षं होत आली होती. पोळ्याला आम्ही आंजीला गेलो. बैल सजले, ओवाळून झाले. वहिनीने पुरणपोळ्या केल्या होत्या. सगळे पंगतीला बसले. माझ्या पानात वहिनीने पोळीचा तुकडा वाढला, ती समजूतदार आहे. आईच्या पुढ्यात मात्र तिने न विचारता उकडलेलं रताळं आणि वाटीभर दूध ठेवलं.

"आज पोळ्याला कोणता उपास?" मी विचारलं.

भाऊने मान वर केली नाही. आई म्हणाली, "खाय तू."

जेवणं झाल्यावर मी वहिनीला गोठ्यामागे गाठलं. तिने आधी टाळलं. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ताई, तुम्हाले खरंच नाई ठाऊक? मी त समजत होती का तुम्हाले ठाऊक असून तुम्ही गप्प हा."

"काय ठाऊक?"

"नवस फिटेस्तोवर सांगू नाई म्हणते, म्हणून आई सांगत नाई. मलेही त्याहीनं शपथ घातली होती. मी एकडाव भाकरीसाठी त्याहीच्या मांगंच लागली, तवा सांगतलं." वहिनी पदराने डोळे पुसत बोलत होती. "तुम्हाले दुसऱ्यांदा आत नेलं ना, तवा बोलल्या त्या देवीले. माही लेक वाचव. वाचली, अन् भरल्या ताटावर बसून, ताट निपटून उठली, का मंग मी दान्याले तोंड लावीन. तवापासून ज्वारी नाई, गहू नाई, तांदूळ नाई, दाळ नाई."

गोठ्यात बैलांच्या शिंगांचा नवा रंग वाळत होता. बेगडाचा तुकडा माझ्या चपलेला चिकटला होता आणि मी तो काढत बसले, कारण वर बघायची हिंमत होत नव्हती. दोन वर्षं रोज संध्याकाळी तिने ते ताट का वाढलं, ते मला तेव्हा कळलं. आज तरी निपटेल, या आशेवर ती भिंतीला टेकून बसायची. आणि मी उठले, की ताट गाईपुढे ठेवून रताळं उकडायची.

मी रडले. अजूनही त्या गोठ्यामागे मला उभं राहवत नाही.

जे जे केलं

देवळीला परतल्याच्या दिवशी आईने वाढलेलं ताट मी पुढे ओढलं आणि खायला सुटले. पंगतीत माणसं खातात तसं, गरम, भराभर. एक भाकरी आत गेली असेल. मग पोटात कुणी सुरी फिरवावी तसं झालं. खाल्लेलं सगळं बाहेर आलं, नंतर नुसतं पाणी, नंतर रक्ताची रेघ. शेजाऱ्यांनी जीप करून मला वर्ध्याला नेलं. आतली शिवण टिकली हे नशीब. आईने वाटभर माझं कपाळ धरून ठेवलं होतं.

"तुले सांगतलं त्या वयनीनं," ती म्हणाली. "आता आयक. पुन्हा असं करशीन, त माहं मेलेलं तोंड पाहशीन."

मी सर्जनांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, भरलं ताट कधीच नाही, आयुष्यात नाही. ते भले माणूस. त्यांनी आईला समोर बसवलं, चित्र काढून दाखवलं. आईने हात जोडून सगळं ऐकलं. बाहेर आल्यावर म्हणाली, "डाक्टर चांगला हाय. पन तुले देवीनं वाचवलं."

आंजीच्या देवीच्या गुरवाला विचारलं. नवस बदलून मिळतो, तो म्हणाला. साडीचोळी, नारळ द्या, पाच सवाष्णी जेवू घाला, देवी समजून घेते. मला एवढा आनंद झाला, की मी तिथूनच नारळ आणायला निघाले. आई पायरीवरून उठलीच नाही.

"मी साडीचोळी कबूल नाई केलती," ती गुरवाला म्हणाली. "देवीनं तिचं काम पुरं केलं. मी माहं फिरवू काय? अन् मंग तिनं तिचं फिरवलं त?"

एवढं म्हणून तिने माझ्याकडे बघितलं. तेव्हा मला तिची भीती कळली. धान्याला हात लावला तर मी मरेन, असं तिला वाटत होतं. त्याच्यापुढे डॉक्टरचं चित्र आणि गुरवाचा नारळ काय टिकणार?

मी देवळीच्या बाजारातून एक छोटी ताटली आणली. त्यात कोर-चतकोर भाकरी मावली की ती भरलेली दिसायची. आईने ती हातात फिरवून पाहिली. "हे त भातुकलीचं हाय, कुसुम. देवीसंगं भातुकली खेळू काय?" रागावली नव्हती ती. ताटली तिने घासून फळीवर ठेवली. माझी ती ओकारी पाहिल्यापासून भरलं ताट वाढणं तिने बंदच केलं होतं.

त्या हिवाळ्यात तिच्या पावलांना सूज आली. चार पावलं चालली की ती भिंत धरायची, आणि भिंत धरल्याचं कुणाला दिसू नये म्हणून तिथली जळमटं झाडल्यासारखं करायची. गावातले डॉक्टर म्हणाले, अंगात रक्तच नाही, धान्य खायला सांगा. मी हसले. ते बिचारे चमकून बघत राहिले.

एका बैठकीत

एका रविवारी सकाळी मी चहा पीत होते. ऑपरेशननंतर मी चहासुद्धा घोट-घोट करूनच घेते. एक घोट, कप खाली, थांबायचं. कप खाली ठेवताना त्या सिस्टरचा आवाज कानात आला, आणि मी आईला हाक मारली.

"आई, तू देवीला काय बोललीस, ते जसंच्या तसं सांग."

तिने सांगितलं. भरल्या ताटावर बसून, ताट निपटून उठली.

"किती वेळात, ते बोललीस?"

"त्याले काय वेळ लागते? जेवाले किती वेळ लागते मानसाले?"

"मला लागेल. आज वाढ तू मला. पहिले वाढायचीस तसं वाढ, कमी करू नको. मी घाई करणार नाही. आणि ताट संपल्याशिवाय उठणारही नाही."

आईच्या तोंडावर भीती होती, आणि आणखीही काहीतरी होतं. मग ती उठली, न्हाली, देवापाशी दिवा लावला आणि चुलीपाशी बसली. भाकरी थापताना तिला दम लागत होता. मी मदतीला गेले, तर हाताने बाजूला सारलं.

मला वाटलं होतं, ती थोडं हातचं राखून वाढेल. मी तिला ओळखतच नव्हते. दोन भाकरी, वरण, भाताची मूद, वांग्याची भाजी, चटणी. वर लोणच्याची फोड, तीही मोठी. सारं जसंच्या तसं, माझ्या जाडेपणाच्या दिवसांतलं. तिने ताटाभोवती पाणी फिरवलं आणि समोर बसली.

ऊन अजून ओसरीच्या कडेला होतं. मी पहिला तुकडा तोडला, चावून चावून पाणी केलं, गिळलं. हात मांडीवर ठेवला. थांबले. मग दुसरा.

दुपारपर्यंत अर्धी भाकरी गेली होती. वरणावर साय धरली, भात टणक झाला. आई पंख्याने माश्या वारत होती. शेजारीण डोकावली, "काऊन व, काकू, आज इतक्या उशिरा जेवन?" आई म्हणाली, "जेवून राह्यली माही लेक." ते तिने असं सांगितलं, जसं कुणी घरातलं लग्न सांगावं.

पाय मुंग्यांनी बधिर झाले. लघवी लागली. ती मी कशी धरून ठेवली ते माझं मला माहीत. आई म्हणाली, "जाऊन ये ना, देवी काई म्हननार नाई." मी म्हटलं, "आता तू भातुकली खेळतेस का?" ती तोंडाला पदर लावून हसली.

ऊन उतरायला लागलं तेव्हा अन्न घशाशी आलं. तोंडाला पाणी सुटलं, कानशिलं थंड झाली. सगळं गेलं, असं मला वाटलं. आई सरकून जवळ आली. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि वरून खाली नुसता फिरवत राहिली. हळूहळू अन्न खाली बसलं. राहिलेली भाकरी वाळून कडक झाली होती. आईने ती बोटांनी अगदी बारीक कुस्करली, त्यावर वरण ओतलं आणि ताट पुन्हा माझ्यापुढे केलं.

दिवेलागणीला मी शेवटचा घास घेतला. बोटाने ताट पुसलं, बोट चाटलं आणि रिकामं ताट तिला दाखवलं. मग भिंत धरून उठले. पाय वाकडे पडत होते. उभी राहिले आणि म्हटलं, "उठले बघ, आई."

आई तिथेच बसून रडायला लागली. मी तिला तशी रडताना पूर्वी पाहिलं नव्हतं, वडील गेले तेव्हाही नाही.

भाकर

त्या संध्याकाळी भाकरी मी टाकली. हाताची सवय साफ मोडली होती, कड फाटली. तव्यावरून गरम गरम तिच्या ताटात घातली, वर तुपाची धार धरली. आईने ताटाला नमस्कार केला. एक तुकडा तोडून नुसताच हुंगला. मग तोंडात घातला, डोळे मिटून चावला.

दुसरा तुकडा तिने बराच वेळ तोंडात घोळवला. तिसरा तोडला, हातात धरून बसली आणि परत ताटात ठेवला.

"खा ना, आई."

"झालं व, माय." तिने पोटावर हात ठेवला. "भरलं पोट."

मला आधी खोटं वाटलं. आग्रह केला, रागावले, तोंडाशी घास नेला. तिने तो घेतला, आणि जरा वेळाने न्हाणीत जाऊन तिला तो काढावा लागला. दुसऱ्या दिवशी तेच, आठवड्याने तेच. माझं पोट लहान करायला सर्जन लागले, दोन ऑपरेशनं लागली. तिचं कुणी हातही न लावता माझ्याएवढं झालं होतं.

माझ्याकडे येणाऱ्या बायांना एवढंच म्हणेन. ऑपरेशनला जाण्याआधी तुमच्या माहेरी, सासरी, तुम्हाला वाढणारं जे कुणी असेल त्याला समोर बसवा. पुढे तुम्ही किती जेवणार ते मुठीने दाखवा, आणि ते आयुष्यभर तेवढंच राहणार हे सांगा. डॉक्टरवर सोडू नका. त्या माणसाला पटेपर्यंत सांगा.

पुढचा हिवाळा तिने काढला नाही. पण मधले ते महिने आमचे होते. फळीवरची ती छोटी ताटली मी खाली काढली, आणि आईने आता तिला भातुकली म्हटलं नाही. एक भाकरी करायची, मधोमध मोडायची, दोघींनी एकाच ताटलीत बसायचं. एक घास, मग थांबायचं. थांबलेलं असताना आई आंजीच्या गोष्टी सांगायची, वडिलांच्या, माझ्या लहानपणच्या. एवढ्या जवळ बसून इतका वेळ आम्ही त्याआधी कधी जेवलो नव्हतो. भाकरी दोघींत बरोबर संपायची.

आता शाळेतून आले की मी चूल पेटवते. एकटीला अर्धी भाकरी पुष्कळ होते. पण अर्ध्या भाकरीचं पीठ घ्यायला हात अजून तयार होत नाही. मी एक थापते, मधोमध मोडते आणि माझा वाटा खाते. दुसरा ताटलीत तसाच राहतो.